शमुवेल म्हणजे नक्की काय? देवाने ऐकलेला, मागून घेतलेला, की देवाचं नाव

पत्र असं आहे:

"ताई, लग्नानंतर सहा वर्षांनी आम्हाला मुलगा झाला, आता तीन महिन्यांचा आहे. माझं माहेर साताऱ्याचं, हिंदू, आणि सासर नगरचं मराठी ख्रिस्ती. माझ्या आजेसासू सहा वर्षं रोज माझ्यासाठी प्रार्थना करत होत्या, त्यांची इच्छा आहे की नाव शमुवेल ठेवायचं, आम्हा दोघांनाही ते आवडलंय. पण बारशाच्या पत्रिकेत अर्थ छापायचाय आणि तिथे घोळ झालाय. नवरा म्हणतो 'देवाने ऐकलं', पाळकसाहेब म्हणाले 'देवापासून मागितलेला', मोबाईलवर बघितलं तर 'देवाचं नाव'. खरं काय? दुसरं म्हणजे माझ्या आईने कोणाकडून तरी शमुवेलची गोष्ट ऐकली आणि तेव्हापासून ती रडते, म्हणते ज्या पोराला आईने देवळात नेऊन दिलं त्याचं नाव कशाला ठेवताय. आणि तिसरं, दाखल्यावर शमुवेल लिहू का सॅम्युएल? नणंद म्हणते शाळेत पोरं चिडवतील. — एक आई, चिंचवड"

ताई, आधी बाळाला खूप आशीर्वाद, आणि आजेसासूंना माझा नमस्कार सांगा. सहा वर्षं रोज दुसऱ्यासाठी प्रार्थना करत राहणं किती अवघड आहे ते मला माहितीये, कारण माणूस स्वतःसाठी मागतानासुद्धा मधेच थकतो.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यामुळे हे नाव माझ्यासाठी नुसतं पुस्तकातलं नाही, आमच्याकडे दर दोन घरांआड एक सॅम्युएल असायचा, माझे चुलत आजोबासुद्धा सॅम्युएलच. आणि तुमच्या नावाची गोष्ट तर आमच्याकडे दर वर्षी रोश हाशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, आमचे जुने लोक ज्याला नव्याचा सण म्हणायचे त्याच्या पहिल्या दिवशी, सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, मोठ्याने वाचतात. लहानपणापासून ऐकत आलेय.

तुमच्या तीन प्रश्नांतला आईंचा प्रश्न आधी घेते, कारण पत्रिकेचा मजकूर काय, दोन दिवस थांबला तरी चालतो, पण आई रडतायत ते थांबायला हवं.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आईंना बहुतेक अर्धीच कोणीतरी सांगितलीये. एफ्राईमच्या डोंगराळ भागात रामा नावाचं गाव होतं, तिथे एलकाना नावाचा माणूस राहायचा, त्याला दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नाला मुलं होती, हन्नाला नव्हती, आणि पनिन्ना तिला त्यावरून इतकं टोचून बोलायची की हन्ना जेवत नसे. नवरा म्हणायचा, अगं मी तुला दहा मुलग्यांपेक्षा जास्त नाही का. (माणूस प्रेमळ होता, पण बाईचं दुःख त्याला कळलं नाही असं मला प्रत्येक वेळी ऐकताना वाटतं.) दर वर्षी ते शिलोला देवाच्या मंदिरात जायचे, तिथे एकदा हन्ना इतकी रडली आणि इतकी मनातल्या मनात प्रार्थना करत राहिली की तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाला वाटलं ही बाई दारू प्यायलीये. ती म्हणाली नाही हो, मी दुःखी आहे, मन मोकळं करतेय. आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, पुढे ताल्मुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात प्रार्थना कशी करायची याचे नियम याच बाईवरून शिकले: ओठ हलले पाहिजेत, आवाज हळू पाहिजे. एवढे मोठमोठे विद्वान आणि गुरू कोण, तर ही मूल नसलेली बाई.

तिने नवस केला की मुलगा झाला तर तो तुलाच देईन. मुलगा झाला, नाव ठेवलं शमुवेल. आणि हो, तिने त्याला शिलोला नेऊन ठेवलं, हे खरंच आहे, ते लपवून मी आईंना समजावणार नाही. पण पुढचंही वाचा ना. दूध सुटेपर्यंत तिने त्याला घरीच ठेवलं, त्या काळी मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत अंगावर पाजायचे, तेवढा काळ ती वार्षिक यात्रेलासुद्धा गेली नाही, नवऱ्याला म्हणाली तुम्ही जा, मी याच्याजवळ थांबते. नंतर दर वर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून घेऊन जायची. वर्षभर न बघितलेल्या पोराचं माप तिने कसं धरलं असेल हा विचार माझ्या डोक्यात दर वर्षी येतो, शेजारपाजारच्या त्याच वयाच्या पोरांना बघून धरलं असेल. हन्नाला नंतर तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. आणि शमुवेल मोठा होऊन सगळ्या देशाचा न्यायाधीश झाला तेव्हा गावोगाव फिरायचा पण घर कुठे होतं त्याचं? रामालाच. आईबापाच्या गावी. तिथेच राहिला आणि वारल्यावर तिथेच त्याला पुरलं. हे आईंना नक्की सांगा की ते पोर परत आलं.

तुमच्या आई साताऱ्याच्या, त्यांची भीती कुठून येते ते मी समजू शकते. आपल्याकडे खंडोबाला नवस बोलून पोरं वाहायची चाल होती, वाघ्या-मुरळी, आणि मुरळी म्हणून सोडलेल्या मुलींचं पुढे काय व्हायचं हे जुन्या बायकांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे "देवाला दिलेलं मूल" म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येणारच. त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकू नका. फक्त हे सांगा की तुम्ही नवस बोललेला नाही, नाव ठेवताय, आणि नावाबरोबर नवस येत नाही. जगभर इतके सॅम्युएल आहेत, ते आपापल्या आईजवळच वाढलेत.

आता एक शब्द सांगते जो मला स्वतःला फार आवडतो आणि तिथूनच अर्थाकडे जाऊ. हिब्रूत "मागणे" याला शाआल म्हणतात. त्याच धातूपासून एक प्रयोजक रूप होतं, हिशील, म्हणजे "मागितलेलं देणे", सरळ मराठीत सांगायचं तर उसनं देणे. हन्ना शिलोला मुलाला नेते तेव्हा म्हणते की हा मुलगा मी मागितला होता, आणि आता मी तो परमेश्वराला उसना देतेय. शेजारणीकडून वाटीभर साखर मागून आणतो आणि वाटी परत करतो तोच व्यवहार, मागणं आणि उसनं देणं हे एकाच शब्दाची दोन टोकं. मराठी बायबलमध्ये वाचताना हे निसटतं कारण आपल्याकडे मागणे वेगळं आणि उसनं वेगळं. पण हिब्रूत तो धातू त्या एका पहिल्या अध्यायात सात वेळा येतो, मी बोटांवर मोजलेत, एली म्हणतो तू मागितलेलं मागणं देव देवो, हन्ना म्हणते मी मागितलेलं मागणं त्याने दिलं, सारखं तेच, मागणं मागणं मागणं.

आणि नाव ठेवताना ती काय म्हणते? "कारण परमेश्वराकडून मी याला मागितलं."

म्हणजे तुमचे पाळकसाहेब बायबलला धरूनच बोलले, आईच्या तोंडचा अर्थ तोच आहे. पण इथे खरी गंमतीची जागा आहे जिच्यावर विद्वान लोक शेकडो वर्षं अडून बसलेत. "मागितलेला" याला हिब्रूत सरळ शब्द आहे शाऊल. हो तोच, शौल राजा, इस्राएलचा पहिला राजा ज्याला पुढे ह्याच शमुवेलने अभिषेक केला. हन्ना शेवटी म्हणते "हू शाऊल", म्हणजे "हा मागितलेला आहे", आणि ऐकणाऱ्याला वाटतं अरे ही तर दुसऱ्याच माणसाचं नाव घेतेय. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ही जन्मकथा मुळात शौलची असावी आणि नंतर शमुवेलला जोडली गेली. दुसरे म्हणतात नाही, लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलंय, की मागितलेला मुलगा कोण आणि लोकांनी हट्टाने मागितलेला राजा कोण हे वाचणाऱ्याच्या कानात एकत्र वाजावं. मला दुसरं पटतं, कारण पुढे लोक शमुवेलकडे येऊन राजा मागतात तिथेही हाच मागण्याचा धातू आहे, आणि इतकं नीट विणलेलं सूत चुकून पडत नाही.

मध्ययुगात दावीद किम्ही नावाचे मोठे रब्बी होऊन गेले, त्यांनी यातून वाट काढली की शमुवेल म्हणजे "शाऊल मे-एल" याचं आखूड रूप, "देवाकडून मागितलेला". अक्षरं लावून बघा, शमुवेल हिब्रूत लिहितात शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद, आणि शाऊल म्हणजे शीन, आलेफ, वाव, लामेद. शाऊलची सगळी अक्षरं शमुवेलमध्ये आहेत, वर एक मेम. ऐकायला किती छान! पण व्याकरणाने शब्द असे आखडत नाहीत, त्यामुळे आजचे भाषेचे अभ्यासक हे मान्य करत नाहीत.

आता तुमच्या नवऱ्याचा अर्थ, देवाने ऐकलं. हा सगळ्यात जास्त पसरलेला आहे आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा. ऐकणे म्हणजे शामा, शीन-मेम आणि शेवटी आयिन. आयिन हे घशातून काढायचं अक्षर, ते असं सहजासहजी गायब होत नाही. ज्या नावांत खरंच "देवाने ऐकलं" आहे तिथे ते अक्षर जागच्या जागी आहे, इश्माएल बघा, अब्राहामची दासी हागार, तिला देवदूत सांगतो की परमेश्वराने तुझं दुःख ऐकलंय म्हणून नाव इश्माएल ठेव. किंवा शिमोन, त्याची आई लेआ म्हणते मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. शमुवेलमध्ये ते आयिन नाही, आणि हन्नाही नाव ठेवताना ऐकण्याचा शब्द काढत नाही.

राहिला मोबाईलवाला अर्थ, देवाचं नाव. तर भाषेच्या हिशोबाने हाच सगळ्यात भक्कम आहे. शेम म्हणजे नाव, एल म्हणजे देव, आणि मधला "उ" ही फार जुन्या काळातली विभक्तीची खूण राहून गेलेली. असंच दुसरं नाव बायबलमध्ये आहे, पनुएल, जिथे आमचा पूर्वज याकोब रात्रभर झुंजला, पनु-एल म्हणजे देवाचं मुख. तसंच शमु-एल. पण "नाव" म्हणजे नुसती हाक मारायचा शब्द असं समजू नका. त्या सगळ्या प्रदेशात नाव म्हणजे वंश, मागे राहणारं माणूस. बाबिलोनकडच्या अक्कादी भाषेत शुमु म्हणजे नाव, आणि तिथल्या राजांच्या नावांत तोच शब्द वारस, मुलगा या अर्थाने येतो. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात मेलेल्या माणसाचं "नाव" उभं करायचं म्हणजे त्याच्या घराला मूल देणं. हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, आपण म्हणतोच की घराण्याचं नाव चालवणारा आला, पोराने बापाचं नाव काढलं. त्या अंगाने शमुवेल म्हणजे देवाच्या नावाचा, देवाच्या घरचा मुलगा असंही होतं.

मग पत्रिकेत काय छापायचं? मी तुमच्या जागी असते तर शब्दकोशातला अर्थ छापला नसता, हन्नाचं वाक्य छापलं असतं. "कारण परमेश्वराकडून मी याला मागितलं." खाली नाव, शमुवेल. हे वाक्य व्याकरणाने नावाशी तंतोतंत जुळत नाही, पण त्या आईने ते कानाला जुळतंय म्हणून म्हटलं, आणि बायबलमधल्या आया जवळजवळ सगळ्या नावं अशीच ठेवतात, आवाजावरून, त्या दिवशी मनात जे आहे त्यावरून. आणि हाच अर्थ तुमच्या साताऱ्याच्या घराला लगेच कळेल, कारण आपल्या गावांमध्ये भिकाजी, भिकू ही नावं कशी पडली? देवाकडे पदर पसरून मागितलेला म्हणून. नवसाचा. तुमच्या आईंना म्हणा की शमुवेल हा त्यांचा भिकाजीच आहे, तर त्या रडायच्या थांबतील असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडेही मागणं पुरं झालं की एलियाहू हानाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने, मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं, फळं. तुमचं आमचं यात फार लांबचं नाही.

नवऱ्याला मात्र वाईट वाटू देऊ नका, ऐकण्याचा शब्द त्या गोष्टीत आहेच, फक्त तो नाव ठेवताना नाही, नंतर येतो. शिलोला रात्री पोरगा झोपलेला असतो आणि कोणीतरी हाक मारतं, शमुवेल, शमुवेल. तो उठून एलीकडे धावतो, तुम्ही बोलावलंत का, एली म्हणतो नाही रे, झोप जा. तीनदा असं होतं. मग म्हाताऱ्याला कळतं आणि तो शिकवतो, परत हाक आली की म्हण, बोल, तुझा दास ऐकतोय. इथे ऐकणारा देव नाही, ऐकणारं पोर आहे. नवऱ्याला बाळाला झोपवताना सांगायला हीच गोष्ट द्या.

आता शमुवेल की सॅम्युएल. दोन्ही एकच, फरक कसा पडला ते सांगते. हिब्रूत सुरुवातीला "श" आहे, श्मुएल. बायबल ग्रीकमध्ये गेलं तेव्हा ग्रीक भाषेत "श" हा आवाजच नव्हता म्हणून त्यांनी "स" केला, सामुएल, तिथून लॅटिन, तिथून इंग्रजांचा सॅम्युएल. मराठी बायबलमध्ये "श" आहे, म्हणजे तुमच्या आजेसासू जे म्हणतात ते मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहे. शमुवेल गावंढळ आणि सॅम्युएल मॉडर्न असं नणंदेला वाटत असेल तर तिला हे एवढं सांगा.

आणि कोकणात तर याचं तिसरंच रूप झालं, समाजी. आमच्या पूर्वजांनी हिब्रू नावांना मराठी "जी" लावला, इसहाकचा इसाजी, यहेज्केलचा हसाजी, एलियाहूचा एलोजी. समाजी हसाजी दिवेकर म्हणून एक गृहस्थ होते, इंग्रजी कागदांत सॅम्युएल एझिकिएल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटका कशी झाली याबद्दल आमच्यात एक गोष्ट सांगतात की टिपूच्या आईने हे बेने इस्राएल आहेत हे ऐकून रदबदली केली. सुटलो तर देवाचं घर बांधीन असं त्यांनी बोललेलं होतं आणि ते त्यांनी पाळलं, १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. मुंबईतलं ते पहिलं सिनेगॉग. तिथला रस्ता सॅम्युएल स्ट्रीट, आणि आपले लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे म्हणून मशीद बंदर हे स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. म्हणजे बघा, नवस, मागणं आणि सॅम्युएल नाव, हे सगळं मुंबईच्या एका गल्लीत एकत्र आहे. कधी लोकलने त्या बाजूला गेलात तर बाळाला दाखवा.

दाखल्याचं सांगायचं तर घाई करू नका. जन्माची नोंद झाली असेल तर बाळाचं नाव बारा महिन्यांच्या आत फी न देता टाकता येतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून टाकता येतं. मी म्हणेन मराठीत शमुवेल आणि इंग्रजीत जे सगळीकडे चालतं तेच स्पेलिंग, एस ए एम यू ई एल. एकदा ठरवलं की आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे एकेक अक्षर तेच ठेवा, मराठीत एका कागदावर शमुवेल आणि दुसऱ्यावर सॅम्युअल झालं की पुढे अॅफिडेव्हिट करत बसावं लागतं, आमच्या घरात एकाच माणसाची तीन स्पेलिंगं होती आणि पेन्शनच्या वेळी फार त्रास झाला. शाळेत सॅम म्हणतील, इस्राएलमध्ये श्मुएलला लाडाने श्मुलिक म्हणतात, आजेसासू बहुतेक शमू म्हणतील. चिडवायचं तर पोरं कुठल्याही नावाला चिडवतात, त्यावर नाव बदलू नका.

बारशाला कानात नाव नणंदच सांगणार असेल ना, आत्या म्हणून? तर तिच्याकडून आधी दोनदा म्हणवून घ्या. जुनं म्हणणं असं आहे: श् अर्धा, लगेच मु, मग क्षणभर थांबून एल, आणि जोर शेवटच्या एलवर. श्मु, एल. हळू आवाजात, हन्नासारखं. आणि तिच्यानंतर एकदा आजेसासूंनाही सांगू द्या, त्या म्हणतात तसं, शमुवेल.